काळजी नसावी

समोरचा कागद जसाच्या तसा उतरवून काढायला या अख्ख्या पृथ्वीतलावर सर्वांत नालायक माणूस कोण, असं मला कुणी विचारलं तर मी क्षणाचाही विचार न करता आमच्या टायपिंगच्या क्लासमधल्या काकांकडे बोट दाखवीन. आणि वर हेही सांगीन की असा गोड नालायकपणा मी पुन्हा कुणात पाहिला नाही.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. वाशीममध्ये एका पिठाच्या गिरणीच्या माडीवर आमचा टंकलेखनाचा क्लास होता. खाली गिरणी सुरू झाली की वर टेबलं थरथरायची आणि दुपारपर्यंत सहाही मशीनवर ज्वारीच्या पिठाचा पातळ थर बसायचा. मी तेव्हा एकोणीस वर्षांची, मॅट्रिक पास, आणि स्वतःला फार शहाणी समजणारी. माझ्या शेजारच्या मशीनवर काका बसायचे. पंचेचाळिशीचे, किन्हीराजा गावाकडचे, एका सरकारी कचेरीत शिपाई. अठरा वर्षं साहेबाच्या दाराबाहेरच्या स्टुलावर काढलेली. खाकी गणवेशातच क्लासला यायचे, आल्याआल्या सगळ्यांना हात जोडून जय भीम करायचे, मग खिशातल्या रुमालाने मशीन पुसायचे. सकाळी आंघोळ घातलेल्या लेकराचं अंग पुसावं तसं, कानाकोपऱ्यातून. एवढं झाल्यावर मशीनलाही हात जोडायचे. आमचे सर म्हणायचे, "अहो, देव नाही तो!" त्यावर काका शांतपणे म्हणायचे, "देव नाई म्हणूनच त हात जोडून राह्यलो. हे काम करते."

कचेरीत कारकुनाची एक जागा रिकामी होती आणि ती काकांना द्यायला साहेब तयार होते. अट एकच, मिनिटाला तीस शब्दांच्या वेगाचं मराठी टंकलेखनाचं सर्टिफिकेट. काका एकदा बसले, नापास. दुसऱ्यांदा बसले, पुन्हा नापास. तेव्हा साहेबांनी सांगून टाकलं की येत्या परीक्षेत पास झालात तर खुर्ची तुमची, नाहीतर मी दुसरा माणूस घेतो. काका मला हे सांगताना हसत होते. "पोरी, माह्या बापाले त्या कचेरीच्या वट्ट्यावर चढू देत नव्हते. खालीच उभा राहे, उन्हात. मी वट्ट्यावर आलो, दारापाशी आलो. आता एक उंबरठा तेवढा राह्यला."

आता तुम्ही म्हणाल, माणूस टायपिंगमध्ये कच्चा असेल. छे हो! काकांचा वेग चाळीसवाल्यांना लाजवणारा. सरांनी अक्षरांवर लाकडी झाकण ठेवलं तरी बोटं बरोब्बर पडायची. खोट होती ती निराळीच. काका जे समोर असे ते टाइप करायचे, आणि त्यात जे असायला हवं होतं असं त्यांना वाटे तेही करायचे. पहिल्या परीक्षेत एका व्यापाऱ्याचं पत्र आलं होतं, तुमचा माल निकृष्ट निघाला म्हणून परत पाठवीत आहोत, अशा मजकुराचं. काकांनी ते बिनचूक उतरवलं आणि शेवटी आपल्या पदरचं घातलं, "घरी सर्वांस नमस्कार. काळजी नसावी." दुसऱ्या परीक्षेत पत्राला कसाबसा लगाम घातला, तर तक्त्याने घात केला. त्यात शेऱ्याचा रकाना कोरा होता. काकांना तो बघवेना. त्यांनी प्रत्येक ओळीपुढे "ठीक" असं टाइप केलं. सर कपाळाला हात लावून म्हणाले, "कुणी सांगितलं होतं हो तुम्हाला?" काका म्हणाले, "कोरं सोडलं त वाचणाऱ्याले वाटन, काहीतरी लपवून राह्यले."

या दुखण्याचं मूळ त्यांच्या गावात होतं. वस्तीत लिहिता येणारा हा पहिला पोरगा. त्यामुळे दहाव्या वर्षापासून सगळ्या वस्तीची पत्रं त्यांच्याच हाताने जायची. लोक सांगत, हे लिहीत. पण सांगणारा सांगतो ते रागात आणि वाचणारा वाचतो ते एकटा बसून, म्हणून मधल्या माणसाने थोडं पाणी घालावं, असा काकांचा रिवाज. एक म्हातारी होती. तिचा मुलगा नागपूरला कापडगिरणीत, वर्षभर फिरकला नव्हता. तिने काकांना समोर बसवलं आणि अर्धा तास पोराच्या नावाने बोटं मोडली. मेल्या, माह्या मयताले बी येऊ नको, इथपर्यंत. काकांनी मान डोलवत लिहिलं, "आई ठणठणीत आहे. रोज तुझी आठवण काढते. काळजी नसावी." आठ दिवसांत पोरगा लुगडं घेऊन हजर! म्हातारी पुढे जन्मभर सांगत फिरली, "पाह्यलं? शिव्या घातल्या म्हणून आला. पोट्टं असं सुधरते."

तर अशा माणसाला जसंच्या तसं लिहायला शिकवायचं काम सरांनी माझ्या गळ्यात घातलं. "तू पहिल्या झटक्यात पास झालीस ना, आता यांना धर." क्लासच्या नावाला दोनदा बट्टा लागला होता. मी लाकडी फूटपट्टी घेऊन शेजारी बसू लागले. काकांनी पदरचा शब्द घातला की टेबलावर फाडकन पट्टी. आज आठवून मलाच ओशाळल्यासारखं होतं, पण तेव्हा मला त्याची चांगलीच चटक लागली होती. एकदा मी मुद्दाम एका घरमालकाची नोटीस दिली, आठ दिवसांत घर खाली करा, अशी. काका पहिल्या चार ओळी वाऱ्यासारखे गेले, मग हळू झाले आणि थांबले. "काहून थांबले?" मी त्यांच्याच बोलीत विचारलं. "लेकरं असतीन ना त्याले," काका म्हणाले आणि "आठ" च्या जागी "पंधरा" टाइप करून मोकळे झाले. मी पट्टी आपटली. खालची गिरणी नेमकी तेव्हाच थांबली होती, त्यामुळे आवाज रस्त्यापर्यंत गेला.

मला खरंच राग आला. "काका, तुम्हाला ती खुर्ची पाहिजे की नको? हे घर खोटं, हा माणूस खोटा, लेकरं खोटी! कागदावर एक अक्षर वाढवायचं नाही. फारच उमाळा आला तर आपल्या तळहातावर लिहा, पण कागदाला हात लावू नका!" मी आपली तोंडाला येईल ते बोलले. काकांनी मात्र आपल्या तळहाताकडे बघितलं, टोपीत खोचलेली पेन्सिल काढून पाहिली, उमटेना. मग सरांचं बॉलपेन मागून घेतलं आणि तळहातावर लिहिलं, "पंधरा दिवस मिळावेत." त्यानंतर नोटीस जशी होती तशी पुरी केली. एकही चूक नाही! सरांनी तो कागद दोनदा तपासला. त्या दिवसापासून काका घरी जाताना डावा हात निळा घेऊन जायचे आणि काकू रोज राखेने तो घासून काढायच्या.

परीक्षेचं केंद्र अकोल्याला होतं आणि मशीन आपलं आपण न्यायचं. काकांनी मशीन काकूंच्या जुन्या लुगड्यात बांधलं आणि एस. टी.त मांडीवर घेऊन बसले. कंडक्टरने विचारलं, "यात काय हाय?" काका म्हणाले, "माही खुर्ची हाय, बापा." कंडक्टरने गाठोडं वरून दाबून पाहिलं, काकांकडे पाहिलं, आणि वाद न घालता पुढे गेला. मीही चाळीसच्या परीक्षेला चालले होते. माझी बॅच काकांच्या नंतरची, म्हणून मी व्हरांड्यात खिडकीशी उभी राहिले.

घंटा झाली. काकांचं मशीन धडाधड चालू लागलं. गतीचा उतारा झाला, तक्ता झाला, शेऱ्याचा रकाना कोराच राहिला, माझा जीव भांड्यात पडला. मग पत्र आलं आणि काकांची बोटं थांबली. मिनिट गेलं. मी खिडकीचा गज असा धरला की हाताला गंज लागला. काकांनी खिशातून पेन काढलं, तळहातावर काहीतरी लिहिलं आणि पुन्हा टाइप करू लागले. तेवढ्यात पर्यवेक्षक मागून आले आणि त्यांनी काकांचं मनगट धरलं.

परीक्षेच्या हॉलमध्ये तळहातावर लिहिलेलं! खुर्ची गेलीच, आणि तीही माझ्या आगाऊ जिभेपायी. पर्यवेक्षकांनी काकांची मूठ उघडली, चष्मा वर केला आणि वाचलं. मग वाकून टेबलावरचं पत्र वाचलं. एका नोकरदाराने मुलीच्या लग्नासाठी मागितलेली रजा नामंजूर करण्याचं ते पत्र होतं. "हे काय?" त्यांनी विचारलं. काका उभे राहिले, अठरा वर्षांच्या सवयीने. "साहेब, कागदावर काई नाई लेहलं. पाहून घ्या. कागद जसाच्या तसा हाय." पर्यवेक्षकांनी पुन्हा एकदा तो तळहात वाचला. "मुलीचे लग्न थाटात होवो. काळजी नसावी." त्यांनी हात सोडला, मूठ आपल्याच हाताने मिटवली आणि म्हणाले, "बसा. पाच मिनिटं राहिलीत."

काका पास झाले. स्टुलावरून उठून उंबरठ्याच्या आत खुर्चीवर बसले. पहिल्या दिवशी गावाकडून दहा-बारा माणसं नुसती खिडकीतून बघायला आली होती म्हणे.

पुढच्या वर्षी त्याच कचेरीत टंकलेखकाची जागा निघाली. मी अर्ज केला. तीस पास, चाळीस पास, वर काका आत बसलेले! मी नोकरी लागल्यासारखीच वागत होते. एका संध्याकाळी काका सायकल हाकत आमच्या दारात आले. आत या म्हटलं तर आले नाहीत. सायकलही स्टँडवर लावली नाही. चार इकडचं तिकडचं बोलले, आईची तब्येत विचारली, आणि निघताना डावा हात माझ्यापुढे उघडून धरला. तळहातावर निळ्या शाईत लिहिलं होतं, "पोरीस याहून चांगली नोकरी लागो. काळजी नसावी." मी हसले. मला काहीच उमगलं नाही.

दोन दिवसांनी पोस्टाने कचेरीचं पत्र आलं. आपला अर्ज नामंजूर करण्यात येत आहे, एवढी एकच ओळ. स्वच्छ, सरळ, समास बिनचूक, एक अक्षर कमी नाही की जास्त नाही. माझ्या फूटपट्टीखाली तयार झालेलं टायपिंग ते, मी लांबूनही ओळखलं असतं. मी ते पत्र मांडीवर घेऊन ढसाढसा रडले.

नोकरी मला पुढे दुसरीकडे लागली, आणि खरंच चांगली लागली. काका कारकून म्हणूनच निवृत्त झाले आणि काही वर्षांनी गेले. त्यांच्या हातचं ते नामंजुरीचं पत्र मी अजून पेटीत जपून ठेवलं आहे. कधी काढून वाचते. तळहातावरचं अक्षर मात्र काकूंनी त्याच रात्री राखेने घासून टाकलं असणार.