मिनाकुचींचा कान

आमच्या वीजकेंद्रातला दोन नंबरचा संच बंद करायचं ठरलं तेव्हा गोझो मिनाकुची एकसष्ट वर्षांचे होते. त्यातली एकेचाळीस वर्षं त्यांनी त्या बॉयलरभोवती फेऱ्या मारण्यात घालवली होती. हातात लोखंडी सळई. तिचं एक टोक भिंतीला, दुसरं कानाला. आत एखाद्या नळीला सुईएवढं भोक पडून वाफ फुसफुसू लागली, तर ते मापकांच्या काट्यांच्या आधी ओळखायचे. नियंत्रण कक्षातले आम्ही त्यांच्या शब्दावर संच थांबवायचो.

शेजारच्या भरावावर नवा संच उभा राहत होता. तो मार्चमध्ये सुरू व्हायचा होता, पण चाचण्या रेंगाळल्या. उन्हाळ्यात वीज पुरेना, म्हणून जुन्यालाच आणखी काही महिने दामटलं. मोडीत निघणाऱ्या संचावर खर्च कोण करणार? नळ्या पातळ झाल्यात हे सगळ्यांना ठाऊक होतं.

"एवढा उन्हाळा काढेल ना हो, मिनाकुचीसान?" मी विचारलं.

"म्हातारा माणूस आणि म्हातारा बॉयलर, सांगून जात नाहीत."

ऑगस्टच्या अकरा तारखेला सकाळी दहाला त्यांनी फेरी संपवून वहीत लिहिलं, 'आवाज ठीक'. वीस मिनिटांनी चौथ्या मजल्यावर नळी फुटली. त्यांचा जुना जोडीदार नेझू नेमका तिथे होता. त्याचा उजवा हात कोपरापर्यंत भाजला. त्याची फेरी नसताना तो वर कशाला गेला, ते कुणाला कळेना.

चौकशीत लिहिलं गेलं, नळी जुनी होती. मिनाकुचींच्या वहीवर कुणी बोट ठेवलं नाही. उलट विभागप्रमुख म्हणाले, "तुमच्या कानाला कळलं नाही, म्हणजे ते कळण्यासारखं नव्हतंच." त्या दुपारी मिनाकुचींच्या पुढ्यातल्या सोबाच्या शेवया रश्श्यात तशाच फुगून गेल्या.

नवव्या दिवशी ते मला म्हणाले, "इस्पितळात येतोस का माझ्याबरोबर? एकट्याची छाती होत नाही."

वॉर्डात शिरताच त्यांनी गुडघे टेकले, कपाळ फरशीला लावलं.

"नेझू, तीन वर्षं मला उजव्या कानानं ऐकू येत नाही. डाव्यानंही निम्मंच. दरवर्षीच्या कानाच्या तपासणीत अंदाजानं बटण दाबत आलो. खरं सांगितलं असतं तर खाली टेबलाशी बसवलं असतं मला. तुझा हात माझ्यामुळे गेला."

नेझू खिडकीकडे बघत होता. "ऊठ आधी. ठाऊक होतं मला."

मिनाकुची तसेच ओणवे. त्यांना ऐकूच गेलं नव्हतं.

"ठाऊक होतं म्हटलं!" नेझू ओरडला. सगळा वॉर्ड वळून बघायला लागला. "म्हणून तर रोज तुझ्या पाठोपाठ दुसरी फेरी मारायचो, बहिऱ्या!"

मिनाकुचींनी डोकं वर केलं. "मग बोलला का नाहीस?"

"काय बोलणार? तुझ्याकडे दुसरं होतं काय?" नेझूनं पट्ट्यांत गुंडाळलेल्या हाताकडे पाहिलं. "बोलायला हवं होतं. हात तरी राहिला असता."



दुसऱ्या दिवशी मिनाकुचींनी सगळं कागदावर लिहून विभागप्रमुखांना दिलं. त्यांनी वाचलं, खणात टाकलं. "संच बंद झाला. अहवाल गेला. आता याचं मी काय करू? घरी जा, विश्रांती घ्या."

"मला शिक्षा तरी करा," मिनाकुची म्हणाले. पण नव्या संचाच्या धांदलीत त्यांना शिक्षा करायलाही कुणाला सवड नव्हती.

नोव्हेंबरात नवा संच सुरू झाला. समारंभात जुन्या लोकांसाठी पहिली रांग राखली होती. मिनाकुचींनी तोवर नोकरी सोडली होती; त्यांची खुर्ची रिकामी राहिली. नेझूची बोटं आत वळून आखडली ती आखडलीच. त्यानंही नोकरी सोडली.

आता दर गुरुवारी दोघे बसनं इस्पितळात जातात, हाताच्या व्यायामासाठी. निघताना नेझूच्या कोटाची बटणं मिनाकुची लावून देतात. मागच्या आठवड्यात मला थांब्यावर भेटले. वरचं बटण मिनाकुचींच्या गारठलेल्या बोटांना काही केल्या काजात घालता येईना. नेझूनं हनुवटी वर करून ठेवली होती. बस आली, दार उघडलं, चालक थांबून राहिला.

"राहू दे तेवढं," नेझू म्हणाला आणि डाव्या हातानं दांडा धरून चढला.