राणीसाहेबांच्या गाण्याचा ड्रमर

ब्रेंडन गेला. आता ते गाणं म्हणायला कुणी सांगू नका.

काल त्याला माती देऊन आलो. आज सुट्टी टाकलीय आणि सोफ्यावर नुसती पडून आहे. आता रडूही येत नाही, इतकी दमलेय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: मी गाते, नीलेश गिटार वाजवतो आणि इथल्याच टॅला उपनगरातला ब्रेंडन आमचा ड्रमर होता. साठी उलटलेला, रिटायर्ड बस ड्रायव्हर, पक्का आयरिश.

मराठीचा एक शब्द कळायचा नाही त्याला. तरी व्हिक्टोरिया राणीची टर उडवणारं आमचं रॉक गाणं सगळ्यात जास्त त्याचंच लाडकं.

राणीसाहेब, चहा घ्या,
मळा आमचा, कप तुमचा,
धुवायला पुन्हा आम्हीच!

प्रॅक्टिसला प्रत्येक ओळीचा अर्थ विचारायचा. मग ड्रम्सवर असा तुटून पडायचा, की जणू समोर राणीच बसलीय.

गणपतीच्या प्रोग्रॅमनंतर एक काका त्याला म्हणाले, "काही म्हणा, रेल्वे त्यांनीच आणली ना!"

ब्रेंडन त्याच्या नेहमीच्या 'छान'च्या सुरात म्हणाला, "ग्रँड. पण त्या गाडीतून धान्य कुठल्या दिशेला जात होतं?"

काका प्रसाद घ्यायला गेले.

परवा त्याच्या घरी गेलो. इथे आयरिश लोकांत दफनाआधी शवपेटी घरातच ठेवतात. शेजारीपाजारी येतात, चहा-सँडविच चालू असतं, गाणीसुद्धा होतात.

आणि आम्ही दोघं पांढऱ्या कपड्यांत भिंतीला टेकून उभे. चहा नको. सँडविच नको. पाणीसुद्धा नको.

त्याची बायको मेरी पुन्हा ताट घेऊन आली. "यात मीट नाहीये गं. अंडं आहे नुसतं."

शेवटी सांगून टाकलं, आमच्यात मयताच्या घरी काही खात नाहीत.

तिनं ताट खाली ठेवलं. "मग गा तरी. राणीचं. त्यानं सांगून ठेवलंय."

मला नव्हतं गायचं. समोर पेटीत आपला माणूस, आणि आपण चेष्टेचं गाणं म्हणायचं? आमच्याकडे अशा घरात कुणी टीव्हीसुद्धा लावत नाही.

पण तिला आणखी एकदा "नको" म्हणायचं जिवावर आलं.

नीलेशनं कुणाची तरी गिटार घेतली. मी गायले. आवाज फाटला, तरी गायले.

"धुवायला पुन्हा आम्हीच"च्या पुढे ब्रेंडनचा सोलो असतो. किती वेळ वाजवेल याचा नेम नसायचा. त्याचं मन भरलं की तो आमच्याकडे बघून मान हलवायचा, मग आम्ही पुढचं कडवं उचलायचो.

त्या जागेवर आलो आणि थांबलो.



कधी सुरू करायचं, दोघांनाही कळेना.

मेरी पेटीकडे बघून म्हणाली, "इथे नेहमीच फार लांबवायचा हा."

सगळे हसले. मीही हसले, आणि हसता हसता रडायलाच लागले.

पुढचं कडवं उचललं शेवटी. नीलेशनं आधी, मी मागून. एकत्र आलोच नाही.

नीट जा रे, ब्रेंडन. आम्हा दोघांचा तुला शेवटचा नमस्कार.