बाबल्याने दुरुस्त केलेली लढाई

बाबल्याला लग्नाला बोलावलं की तो अक्षता टाकतो, पोटभर जेवतो आणि मग यजमानाच्या परसात जाऊन ढासळलेला गडगा रचत बसतो. माझ्या पुतणीच्या लग्नात वरमाय हात धुवायला मागच्या दारी गेली, तर हा पाहुणा इस्त्रीचा सदरा फांदीला टांगून बनियनवर दगड उचलतोय. तिने मला येऊन विचारलं, "तुमच्याकडे लग्नाच्या दिवशीसुद्धा गडी लावता का हो?" मी म्हटलं, गडी नव्हे, तो आमच्याकडचा आहेर आहे.

गडगा म्हणजे बागेभोवतीची जांभ्या दगडांची भिंत. चिखल नाही, सिमेंट नाही. दगडावर दगड, आणि सांदीत कपच्या ठोकायच्या. पावस गावापासून आमच्या निवेखोलपर्यंत निम्म्या आंब्याच्या बागांचे गडगे बाबल्याच्या नाहीतर त्याच्या बापाच्या हातचे. आठवीत मी त्याला भूगोल शिकवला, दोनदा, कारण तो आठवीत दोनदा बसला. नकाशा त्याला कधी आला नाही. पण जमीन हातभर जरी इकडची तिकडे झाली तरी त्याला नुसत्या नजरेने कळतं. आता सहासष्टीचा आहे, आणि वाकडा गडगा दिसला की अजून त्याला जेवण जात नाही.

गावावर झुंजीचा सडा आहे. सडा म्हणजे वरचं उघडं कातळाचं पठार. अडीचशे वर्षांपूर्वी खाडीत शिरलेल्या टोपीकरांच्या गलबतांवर या सड्याच्या कडेवरून तोफा डागल्या, असं आमच्याकडे सांगतात. पुरावा म्हणून एकच कागद आहे, त्यातला निम्मा वाळवीने खाल्लेला. दुसरा पुरावा म्हणजे कडेवर पडून राहिलेली साठ पावलांची दगडी रांग. तिला आम्ही मोर्चा म्हणतो, तोफांच्या आडोशाची भिंत या अर्थाने.

बाबल्याच्या पूर्वजाने तो मोर्चा रचला. मन्सूरचा पूर्वज मचव्याचा तांडेल; त्याने आपल्या होडीतून तोफांची दारू आणून दिली. मन्सूर म्हणजे बाबल्याचा शेजारी. तीस वर्षं कुवेतला क्रेन चालवून परत आलेला. दोघांचे पूर्वज एकाच बाजूने लढले, त्यामुळे वैर काही उरलं नाही. उरला तो एवढाच वाद, की आधी पळालं कोण.

"तुझा तांडेल पयला पळाला," बाबल्या म्हणतो. "होडीच होती त्याची. पळायला सोपा."

"माझा तांडेल भरती बघून गेला. तुझा पळाला तो थेट हातखंब्याला जाऊन थांबला."

"तवा हातखंबा व्हता तरी काय रे?"

"नव्हता! म्हणूनच सांगतोय किती पळाला."

हे मी चाळीस वर्षं ऐकते आहे; मन्सूर कुवेतला होता तेव्हा दर सुट्टीत.

गेल्या वर्षी खाडी, खाजण आणि वरचे सडे मिळून एक राष्ट्रीय उद्यान करायचं घाटत होतं. नकाशावरची हद्दीची रेघ नेमकी आमच्या सड्याच्या अलीकडे येऊन थांबली. पलीकडे चिरेखाणवाले टपलेलेच होते. सडा खाणीत गेला तर काय होतं हे बाबल्याला सांगायची गरज नव्हती. त्याच्या बायकोच्या, मैनाच्या, माहेरी सडा कापला आणि दुसऱ्या वर्षी खालचा झरा आटला. आता तिची भावजय चैत्रापासून टँकरची वाट बघत उभी असते. आमच्या सड्याखालच्या झऱ्याचं पहिलं घर बाबल्याचं आहे.

झुंजीचा हवाला देऊन मी अर्जावर अर्ज केले. शेवटी उत्तर आलं, की लढाईच्या जागेच्या खुणा प्रत्यक्ष दाखवा, मग रेघ पुढे नेण्याचा विचार करू. पाहणीला मंगळवारी अक्षया नावाच्या पुरातत्त्वाच्या बाई येणार होत्या आणि शुक्रवारी नकाशा कायमचा बंद व्हायचा होता. मी बाबल्याला बोलावून सांगितलं, "मोर्च्यावरचं गवत काप. बाटल्या, पिशव्या उचल. बाकी काही करू नकोस."

"व्हय बाई."

त्या 'व्हय'वर मी विश्वास ठेवला. पन्नास वर्षांपूर्वी गृहपाठाबद्दलही तो असंच 'व्हय' म्हणायचा, हे मला आठवायला हवं होतं.

मंगळवारी सकाळी आम्ही वर गेलो. अक्षया पुढे, मी काठी टेकत मागे, माझ्यामागे मन्सूर. कडेवर पोचलो आणि मी जागच्या जागी उभी राहिले. पडलेली रांग नव्हतीच. तिच्या जागी छातीइतका उंच, ओळंब्यात उभा, कपच्या ठोकून घट्ट केलेला गडगा होता. वर बसून चहा प्यावा असा. शेजारी धुतलेला सदरा घालून बाबल्या उभा होता, नवरदेवासारखा.

अक्षयाने दगडावरून बोट फिरवलं. "काका, हे कधीचं बांधकाम?"

"परवाचा," बाबल्या अभिमानाने म्हणाला. "पाच दिस लागले."

तिने वही मिटली. ओरडली असती तर बरं झालं असतं. शांतपणे म्हणाली, "मग मी काय लिहू? नवी भिंत आहे, एवढंच लिहिता येईल मला."

मी मात्र ओरडले. "तुला गवत कापायला सांगितलं होतं ना रे? कोणी सांगितलं होतं तुला हे उपद्व्याप करायला?"

"पावणी यायची व्हती बाई," तो कानकोंडा होऊन म्हणाला. "पडका गडगा दाखवायचा? लोका काय बोलतील, बाबल्याच्या गावचा गडगा पडलेला?"

"लढाईत पडलेला होता तो!"

"पडला मनजे काय पडूनच ठेवायचा?"

यावर एरवी मन्सूरने चार टोमणे मारले असते. त्या दिवशी तो गप्प राहिला, तेव्हा बाबल्याच्या लक्षात आलं की काम खरंच बिघडलं आहे. तो खाली बसला. सड्याच्या कडेवरून त्याच्या घराचं कौलारू छप्पर दिसतं, त्याच्याशेजारी झऱ्याचं डबकं. तो तिकडे बघत राहिला. मैना हंडा भरत होती.

मग तो म्हणाला, "मॅडम, तळ हलवलेला नाय मी."

"म्हणजे?"

"गडग्याचा तळचा थर आमी कंदी हलवत नाय. बापाची शपथ असते. वरचा कायबी करा, पण तळ हलला की हद्द हलली, आणि हद्द हलली की कोर्ट."

हे मात्र शंभर टक्के खरं. कोकणात भाऊ भावाला बुडवील, पण गडगेवाला तळचा दगड हलवणार नाही. तीन पिढ्या रत्नागिरीच्या कोर्टात घालवणाऱ्या गावांनी लावलेली शिस्त आहे ती. अक्षया पुण्याची, तिला हे ठाऊक नव्हतं. "पण ते मी कशावरून मानू?" तिने विचारलं.

बाबल्या उठला. सदरा काढून पुन्हा एका झुडपावर टाकला आणि स्वतःच रचलेल्या गडग्याचा वरचा दगड उचलून बाजूला ठेवला. मग दुसरा. बाबल्याने गडगा उतरवताना मी जन्मात पहिल्यांदा पाहिला. मन्सूर पुढे झाला. "आण इकडे. क्रेन इथं उभी हाय."

अक्षया थराथराचे फोटो काढत होती. बारा वाजले, एक वाजला. बाबल्या मधेच एखाद्या दगडाशी थांबायचा, "ह्यो किती चपखल बसला व्हता," म्हणायचा आणि मन्सूरच्या हातात द्यायचा. मन्सूर म्हणायचा, "फुलं वाहू काय त्याच्यावर?"

दुपारी तळ उघडा पडला. दगड कातळात रुतलेले, दगडफुलाने पांढरे पडलेले, सांद्यांतून मुळं शिरलेली. पाच दिवसांत कोणी करू म्हटलं तरी होणार नाही असा. आणि तो सरळ नव्हता. कोयतीसारखा खाडीच्या तोंडाकडे वळलेला होता. वर बाबल्याने दगड आत-बाहेर सरकवून तो बाक जमेल तेवढा मोडून काढला होता. तळात तीन जागा मोकळ्या होत्या, प्रत्येकी दोन हात रुंद.

"इथे काय होतं?" अक्षयाचा आवाज बदलला होता.

"कुठं? ती खिंडारा?" बाबल्या म्हणाला. "ती मी बुजवली व्हती. ढोरा शिरतात त्येच्यातना."

अक्षया पहिल्या फटीत गुडघ्यावर बसली आणि तिने समोर पाहिलं. मग दुसऱ्या, मग तिसऱ्या. मीही वाकून पाहिलं, वाकवत नव्हतं तरी. तिन्ही फटींतून एकच गोष्ट दिसत होती: खाडीचं तोंड, जिथून गलबत आत यायला एकच वाट आहे. तिने वही उघडली आणि संध्याकाळपर्यंत मिटली नाही.

"तोफांच्या जागा बुजवून ढोरं अडवली," मन्सूर म्हणाला. "तुझा पूर्वज असता तर तुलाच तोफेच्या तोंडी दिला असता."

शुक्रवारी रेघ पुढे सरकली. सड्याच्या पार कडेपर्यंत. खाणवाल्यांनी पलीकडच्या गावात जागा शोधायला सुरुवात केली, ते दुःख आहेच. पण आमचा झरा राहिला.

आता मोर्च्यापाशी पाटी आहे आणि देखरेखीला माणूस ठेवायचा ठरला तेव्हा अक्षयानेच बाबल्याचं नाव सुचवलं. अट एकच, आणि ती तिने त्याच्याकडून तीनदा म्हणवून घेतली: एकही दगड उचलायचा नाही. पडला तर पडू द्यायचा, फोटो काढायचा आणि कळवायचं. तो मला कळवतो. "बाई, दुसऱ्या खिंडारापाशी एक दगड कलंडलाय." मी म्हणते, "बरं." तो म्हणतो, "नुसता टेकवला तर?" मी फोन ठेवते.

मागच्या आठवड्यात मी वर गेले. बाबल्या पाटीखाली दगडावर बसला होता, मोर्च्याकडे पाठ करून, दोन्ही हात काखेत घट्ट दाबून.

"अरे, राखण करतोस ना? मग असा उलटा का बसलास?"

"बघितला की हात जातो, बाई."

मन्सूर शेजारी बसून शेंगा खात होता. त्याची चाळीस वर्षांची तयारी असावी.

"लिहून घ्या बाई," तो म्हणाला. "त्याच्या घराण्याने झुंजीच्या सड्यावर शेवटी पाठ दाखवली."

मागे कुठेतरी एक दगड खडखडत खाली आला. बाबल्याचे खांदे हलले, पण तो उठला नाही.