पंधरापैकी पंधरा

खालच्या वस्तीत पूर्वी म्हणत, हजेरीबाईंच्या हाती माणूस सोपवावा आणि घरी जाऊन स्वस्थ बसावं. बांध फुटून नदी वस्तीत शिरली, तेव्हा शाळेच्या गच्चीवर अडकलेल्या चारशे माणसांची हजेरी बाई दिवसातून तीनदा घेत. तेव्हापासून त्यांचं खरं नाव कोणी घेतलंच नाही.

पुराला सात वर्षं झाल्यावर आमच्या इस्पितळात एक मोठं संशोधन सुरू झालं. अशा आपत्तीतून गेलेल्या माणसांच्या मनावर आणि स्मरणशक्तीवर पुढे काय परिणाम राहतो, हे शेकडो जणांच्या मेंदूची चित्रं काढून आणि चाचण्या घेऊन पाहायचं होतं. वस्तीतल्या लोकांना बसने घेऊन येण्याचं काम हजेरीबाईंना मिळालं, आकडे मांडण्याचं मला.

लोक घाबरत. हजेरीबाई त्यांच्या अंगठ्या, पट्टे, केसांतल्या पिना काढून एका ट्रेमध्ये ठेवत आणि बोलत राहत.

“डोक्याच्या आतला फोटो काढणार म्हणे. मग केस विंचरून येऊ का?” एका आजोबांनी विचारलं.

“विंचरा की. आधी उगवू तर द्या,” त्या म्हणाल्या. आजोबा हसतच यंत्राच्या खोलीत गेले.

फोटोनंतर स्मरणाची चाचणी असे. पंधरा शब्द वाचून दाखवायचे आणि अर्ध्या तासाने त्यातले आठवतील तेवढे विचारायचे. शिडी, कुलूप, चिमणी असे साधे शब्द. यादी करणाऱ्या कोणाच्याही लक्षात आलं नव्हतं, की त्यातला सातवा शब्द ‘नदी’ होता. पहिल्याच आठवड्यात मासे विकणाऱ्या एक मावशी त्या शब्दाशी थांबल्या. नंतर त्यांना एकही शब्द सांगता आला नाही. बाहेरच्या बाकावरून कोणीतरी म्हणालं, “मावशींचं डोकं पुरातच वाहून गेलं वाटतं.” मावशी पदर सावरत निघून गेल्या, त्या पुन्हा आल्या नाहीत.

दुसऱ्या दिवसापासून हजेरीबाई बसमध्येच सांगू लागल्या, “मध्ये एकदा नदी येईल. दचकू नका.” एक शब्द सांगितल्यावर उरलेले चौदा फार काळ पोटात राहिले नाहीत. महिन्याभरात अख्खी बस पाढे म्हणावेत तशी यादी म्हणत इस्पितळात येऊ लागली.

जिथे पाणी पोहोचलंच नव्हतं आणि जिथली माणसं तुलनेसाठी तपासली जात, त्या वरच्या वस्तीपेक्षा खालच्या वस्तीचे आकडे सरस येऊ लागले. माझ्या ते ध्यानात आलं होतं. मी कागदाच्या समासात पेन्सिलीने प्रश्नचिन्ह काढलं आणि दोन दिवसांनी खोडून टाकलं. चांगल्या आकड्यांबद्दल कोणी जाब विचारत नाही.

शिंपीकाकांनाही पंधरापैकी पंधरा मिळाले. त्यांच्या मेंदूच्या चित्रात एके ठिकाणी शंका घेण्याजोगं काही दिसलं होतं. पण स्मरण इतकं पक्कं असल्यामुळे संशोधन चालवणाऱ्या मोठ्या डॉक्टरीणबाईंनी ते वयामुळे असेल म्हणून सोडून दिलं. पुढच्या सहा महिन्यांत काकांनी दोन सदऱ्यांना एकाच हाताच्या बाह्या लावल्या आणि पेटती इस्त्री कापडावर ठेवून ते फिरायला गेले. सून शेजारीपाजारी सांगू लागली, “इस्पितळात पैकीच्या पैकी, आणि घरात काही आठवत नाही. नाटकं आहेत सगळी.” तिने दुकानाची किल्ली काढून घेतली.

हजेरीबाई त्यांना भेटायला गेल्या. काका ओट्यावर रिकाम्या हातांनी बसले होते.

“बाई, तुमचे शब्द अजून पाठ आहेत बघा,” ते म्हणाले आणि त्यांनी सगळी यादी म्हणून दाखवली. मग आवाज खाली आणून त्यांनी विचारलं, “आतमध्ये खेळतोय तो आमच्या नातवांपैकी कोणता? सुनेला विचारायची सोय नाही.”

हजेरीबाई तिथून थेट इस्पितळात आल्या. डॉक्टरीणबाईंसमोर त्यांनी उभ्यानेच सगळं सांगितलं. मी कोपऱ्यातल्या टेबलाशी होतो, मान वर करायचा धीर झाला नाही. दोनशे अकरा जणांच्या चाचण्या बाद ठरत होत्या. ‘नदी’ हा शब्द ऐकून किती माणसं मुकी होतात, हे तर आता कधीच कळणार नव्हतं. डॉक्टरीणबाईंनी काकांना दुसऱ्या दिवशी सकाळी बोलावून घेतलं आणि झाल्या प्रकाराचं टिपण मला करायला सांगितलं.

मी कागद ओढला. हजेरीबाईंची नोकरी वाचावी असं मला वाटत होतं. माझं खोडलेलं प्रश्नचिन्ह झाकलं जावं, असंही वाटत होतं. मी हळूच म्हणालो, “बाई, ‘गैरसमजातून घडलं’ असं लिहितो.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

“गैरसमज कसला? मला सगळं कळत होतं. शिंपीकाकांचे सहा महिने मी वाया घालवले, असं लिहा.”