गाडीवरची डिश आणि संत्याच्या नावावरचे घोटाळे

आमच्या धंद्यात किस्से साठवावे लागत नाहीत, आपोआप साठतात. वायरचे उरलेले तुकडे आपण पिशवीत टाकत राहतो ना, "असू दे, कधीतरी लागेल" म्हणून? आणि मग एक दिवस पिशवी उचलवतच नाही. तसंच हे.

धंदा कुठला, ते आधी सांगतो. शीळफाट्याजवळ म्हात्रे शेठचं गॅरेज आहे. तिथे टेम्पो ट्रॅव्हलरच्या कॅराव्हॅन करतात. आत बेड, ओटा, संडास, सगळं. चाकांवरचं घरच म्हणा. लोकांना कोकणात जाऊन निसर्ग बघायचा असतो, पण निसर्ग बघताना टीव्ही पाहिजे! तोही एक नाही. पुढे एक, मागे एक, बेडच्या वर एक. टपावर डिश बसवून खाली हे सगळे टीव्ही चालू करून द्यायचे, हे काम आम्हा दोघांचं. मी दीपक, राहणार वर्तकनगर. आणि संतोष, म्हणजे आमचा संत्या, राहणार कळवा.

दुपारी चारच्या चहाला गॅरेजमधले सगळे जमतात. शेठ, सीट शिवणारे नाना, वेल्डर, पेंटर. मग कोणीतरी बोलतोच, "दीपक, संत्याचा तो किस्सा सांग ना!" मी सांगतो. आवाज काढून, हातवारे करून. लोक चहा सांडेपर्यंत हसतात. संत्या बाजूला बसून चहात बिस्कीट बुडवतो आणि गालातल्या गालात हसतो.

आता खरं सांगू? त्यातल्या बहुतेक किश्शांतला गाढव संत्या नव्हताच. मी होतो! मला रंगवून सांगता येतं, त्याला येत नाही, म्हणून घोटाळा माझा आणि नाव त्याचं. इतकी वर्षं मला यात काही गैरही वाटलं नाही. मस्करी चाललीय, कोणाचं काय जातंय?

गेल्या महिन्यात कळलं कोणाचं काय जातंय ते. शेठने मला बाजूला घेतलं. "दीपक, आता लोका मोबाईलवरच बघतान सगला. डिशचा काम कमी झाला. मना दोघांतला एकच मानूस ठेवाचा हाय. संतोष मानूस चांगला हाय रं, पन तुज्या गोष्टी आयकून वाटतं, यो एक दिवस माजा गॅरेज पेटवल!"

संत्या सत्तेचाळीसचा आहे, पोरगी बारावीला. या वयात त्याला दुसरीकडे कोण घेणार? आणि मी नुसता मान हलवून उभा राहिलो. तेव्हापासून नीट झोप नाही. म्हणून म्हटलं, एकदा जसं झालं तसं सांगून टाकू.

*

आमची पहिली कॅराव्हॅन कल्याणच्या एका डॉक्टरांची. त्यांनी विचारलं, "चालत्या गाडीत टीव्ही दिसेल ना?"

"म्हणजे काय! चिंताच नको!" मी बोललो.

संत्याने मागून माझा शर्ट ओढला. कारण साधं आहे. टपावरची डिश आकाशात एकाच जागी टक लावून बसते. गाडी जरा वळली की सिग्नल गेला. गाडी उभी करायची, डिश उघडायची, दिशा जुळवायची, मग टीव्ही. निघताना डिश मिटवायची. मला हे ठाऊक होतं, पण डॉक्टरांसमोर "नाही" बोलायला जीभ वळेना.

डॉक्टर आईला आणि बायकोला घेऊन निघाले. पाच मिनिटांत फोन. "अहो, तिन्ही टीव्ही गेले!"

तेव्हा तरी कबूल करावं ना माणसाने? मी काय बोललो असेन? "डॉक्टर, गाडी जरा हळू चालवा."

"अजून हळू?"

"अजून थोडी."

बिचारे माणूस चालतो त्या वेगाने शीळ रोडवरून चालले. मागे कंटेनरची रांग, हॉर्नचा नुसता गोंधळ. शेवटी ट्रॅफिक हवालदाराने काचेवर टकटक केली. "आत पेशंट आहे का?"

डॉक्टर बोलले, "नाही हो, टीव्ही आहे!"

संत्या स्कूटरवरून तिथे गेला. त्याने डिश मिटवली, डॉक्टरांना सगळं समजावलं आणि माझ्या वतीने माफीही मागितली. माझ्या किश्शात मात्र "हळू चालवा" संत्या बोलतो. त्याचा आवाज मी जरा बोबडा काढतो. संत्या बोबडा नाही.

*

डोंबिवलीचं एक कुटुंब. काकांना बातम्या, काकूंना मालिका, मुलाला क्रिकेट. घरी रोज भांडण, म्हणून गाडीत तीन टीव्ही.

संत्या बोलला, "तीन वेगळे चॅनल पाहिजेत तर तीन सेट-टॉप बॉक्स लागतील. डिशवरून वायरीपण तीन खेचायला हव्यात."

"कशाला? एका बॉक्सवर तिन्ही टीव्ही जोडू." मला त्या दिवशी मेहुण्याच्या घरी जेवायला लवकर पोचायचं होतं. वर हुशारी म्हणून प्रत्येक टीव्हीखाली रिमोटचा एकेक डोळा बसवला. म्हणजे कुठूनही बटण दाबा, बदलणार तो एकच बॉक्स, आणि चित्र तिन्हीकडे तेच.

गाडी न्यायला तिघं आले. आपापल्या टीव्हीसमोर बसले. काकांनी बातम्या लावल्या. मागे काकूंच्या मालिकेतली सासू रडता रडता गेली आणि निवेदक आला. काकूंनी बटण दाबलं. पुढे काकांची बातमी गेली. मुलाने मॅच लावली, दोघांचंही गेलं!

"कोण बदलतंय रे?"

"मी नाही, तुम्हीच बदलताय!"

पंधरा फुटांच्या गाडीत अर्धा तास तिघं एकमेकांवर ओरडत होते आणि तिघांनाही दुसऱ्याचा टीव्ही दिसत नव्हता. शेवटी काकू घाम पुसत खाली उतरल्या. "घरी एकच टीव्ही होता, पण निदान भांडण समोरासमोर व्हायचं!"

नंतर तीन बॉक्स संत्याने बसवले. एकट्याने, अख्खा रविवार घालवून. चहाला मी जो किस्सा सांगतो, त्यात मेहुण्याकडे जेवायला संत्या जातो.

*

हा लहानसा आहे. एका गिऱ्हाइकाचा अलिबागहून फोन. टीव्ही लागत नाही. मी फोनवरून डिश फिरवायला लावली. थोडी डावीकडे. थोडी उजवीकडे. जरा वर. तो माणूस टपावर, त्याची बायको आतून ओरडून सांगतेय, "नाही आलं!" तासभर हा कवायतीचा कार्यक्रम चालला.

संत्या जेवून आला. माझ्या हातातून फोन घेतला आणि एकच विचारलं, "दादा, वर आकाश दिसतंय का?"

"नाही हो, पत्रे दिसतायत. मंगल कार्यालयाच्या शेडमध्ये उभी केलीय गाडी."

चहाच्या किश्शात तासभर डिश फिरवायला लावणारा कोण असतो, ते आता तुम्हाला सांगायला नको.

*

ठाण्याचे एक गिऱ्हाईक, तेही शेटच. वास्तुशास्त्राचे पक्के. ओटा आग्नेयेला पाहिजे, टीव्ही बघताना तोंड पूर्वेला पाहिजे. मी वहीत लिहून घेतोय, "हो शेट, होऊन जाईल."

संत्याने हळूच विचारलं, "काका, पण गाडी वळली की?"

शेट गाडीकडे बघत राहिले. मग त्यांनी थेट गुरुजींनाच गॅरेजमध्ये आणलं. गुरुजींनी गाडीला दोन फेऱ्या मारल्या आणि तोडगा काढला. मुक्कामाला गाडी पूर्वेला तोंड करून उभी करायची.

"आणि घाटात, गुरुजी?"

गुरुजी बोलले, "घाटात टीव्ही बघू नये."

आता या किश्शात मूर्ख कोणीच नाही. उलट शेटना संत्याचा प्रश्न इतका आवडला की गाडी न्यायला आले तेव्हा खास त्याच्यासाठी पेढे आणलेले. पण मी सांगताना काय सांगतो? संत्याने भलता प्रश्न विचारला आणि गिऱ्हाईक हातचं जाता जाता मी वाचवलं! पेढे मीपण खाल्लेले.

*

संत्या अगदी देव आहे असंही नाही. एक घोटाळा खरंच त्याचा. कळव्याच्या एका ताईंच्या गाडीत त्याने टीव्ही इतका मजबूत ठोकला, इतका मजबूत ठोकला की तो चक्क कपाटाच्या दोन्ही दारांवर बसला! ताई लग्नाला निघालेल्या, पैठणी आत. दार उघडेना.

ताई कमरेवर हात ठेवून बोलल्या, "मग आता काय, टीव्ही नेसून जाऊ?"

संत्या लाल झाला. "चुकलं माझं, ताई," बोलला, आणि दहा मिनिटांत स्क्रू काढून दिले. चूक झाली की तो असा सरळ बोलतो. म्हणून त्याच्या चुकांचे किस्से लांबत नाहीत.

*

आता तो मोठा.

नवी कोरी पांढरी गाडी. वर्तकनगरला गिऱ्हाइकाच्या सोसायटीत नेऊन डिश जुळवली, तिन्ही टीव्ही दाखवले, सगळे खूश. परत गॅरेजला न्यायची होती, पडद्यांचं काम बाकी होतं. टपावर मी होतो. डिश मिटवणार तेवढ्यात बायकोचा फोन आला. बोलत बोलत शिडी उतरलो.

संत्या स्टिअरिंगवर. त्याने विचारलं, "डिश मिटवलीस?"

फोन कानाला तसाच. मी बोललो, "हो."

सोसायटीच्या गेटवर उंच गाड्या अडवायला लोखंडी आडवा बार आहे. गाडी त्याच्याखालून जेमतेम जाते. उघडी डिश जात नाही! असा आवाज झाला की वॉचमन खुर्चीवरून खाली पडला. डिश गेली, एसीचं कव्हर गेलं, टपाचा पत्रा हातभर फाटला.

गॅरेजला शेठ लाल डोळे करून उभा. "वर कोन होता?"

संत्याने माझ्याकडे बघितलं. आणि मी, देवाशपथ सांगतो, किस्सा सुरू केला. वॉचमन कसा पडला, त्याची टोपी कुठे गेली, संत्याचं तोंड कसं झालं. "शेठ, ह्याला बोललो डिश बघ, तर हा आरशात भांग बघत होता!" आधी नाना हसले. मग वेल्डर. मग शेठलाही हसू आवरेना. राग गेला. जाता जाता शेठ बोलला, "संतोष, पुना असा करू नको."

संत्याने खाली वाकून फुटकी डिश उचलली. दुसऱ्या दिवशी डब्यातली भाजीपण नेहमीसारखी माझ्यापुढे सरकवली.

*

मागच्या शनिवारी शेठ निकाल सांगणार होता. कोण राहणार, कोण जाणार. संत्याच्याही कानावर आलेलं. चारच्या चहाला मी ठरवूनच गेलो की आज काय व्हायचं ते होऊ दे.

नाना बोलले, "दीपक, तो वॉचमनचा सांग रे."

मी उभा राहिलो. "आज खरा सांगतो. टपावर मी होतो. संत्याने विचारलं, डिश मिटवलीस का, मी हो बोललो. खोटं बोललो."

बरं वाटलं. पुढे सांगायला लागलो, गेट आलं, बार आला, आणि काय करू, वॉचमनपाशी आलो तसा माझा हात आपोआप वर गेला! तोंड वाकडं झालं, तोच आवाज निघाला. नाना फिस्सकन हसले.

"अरे हसू नका, खरं सांगतोय! डॉक्टरांना 'हळू चालवा' मीच बोललो! तो एक बॉक्सपण माझाच! अलिबागचे पत्रे..."

मी जितकं कबूल करावं तितके ते जास्त हसत होते. पेंटर पोट धरून खाली बसला. शेठने डोळे पुसले. "वा रं दीपक! दोस्तासाटी सगला सोताच्या अंगावर घेतला!"

"शेठ, आईशपथ!"

आणखी हशा. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, तर नाना बोलले, "बघा, रडूनपण दाखवतो!"

पण शेठ काही वेडा नाही. त्याचं हसणं हळूहळू थांबलं. तो संत्याकडे वळला. "संतोष, तू सांग. तू खोटा बोलनार नाय. खरा हाय का रं ह्या?"

मी संत्याकडे बघितलं. नुसतं "हो" बोलायचं होतं. तो राहिला असता, मी गेलो असतो, आणि ते बरोबरच झालं असतं.

संत्याने चहाचा ग्लास खाली ठेवला. माझ्याकडे बघितलं, चांगलं बराच वेळ.

"छे हो शेठ," तो बोलला. "असले घोटाळे करायला छाती लागते. दीपककडे कुठली?"

अख्खं गॅरेज कोसळलं! शेठने त्याच्या पाठीवर थाप मारली. नाना बोलले, "अरे, संत्यालापण सांगता येतं की!"

नोकरी त्याने माझ्या नावावर केली होती, आणि मीपण हसलो.