नावं सरल्यावरचा सीन

पडद्यावर नावं चालू झाली की लगेच चपला चाचपणारी माणसं मला आजही बघवत नाहीत. त्यात आमचं अर्धं गाव येतं आणि माझी सख्खी मोठी आई, म्हणजे थोरली काकूसुद्धा येते.

आमच्या झाडीपट्टीत नाटकाची रीत निराळी. नटांची नावं आधीच भोंग्यावर सांगून मोकळे होतात, आणि ज्याची एन्ट्री सगळ्यात शेवटी, तो सगळ्यात मोठा नट. त्याच्यासाठी माणसं थंडीत चादरी पांघरून बसून राहतात. माझे बाबा सौंदडकडे धानाची शेती करायचे आणि दिवाळीनंतर मंडईच्या जत्रेच्या दिवसांत गावच्या नाट्यमंडळात खलनायक व्हायचे. दिसायला बेताचेच. पण आवाज असा, की माइक बंद पडला तरी मागच्या रांगेतलं झोपलेलं लेकरू रडत उठायचं. एवढीच त्यांची मिजास, आणि ती आम्ही सगळे चालवून घ्यायचो.

एका उन्हाळ्यात सडक अर्जुनीच्या ढाब्यावर मुंबईची मंडळी शूटिंगला आली. त्यांना ढाबेवाला हवा होता, बाबा निवडले गेले. वाक्य एकच: "जेवून घ्या साहेब, समोर जंगलच हाय." काम झाल्यावर टोपीवाला साहेब म्हणाला, "काका, तुमचा सीन एकदम शेवटी येणार बरं का, नावं संपल्यावर." बाबांनी त्यातलं 'एकदम शेवटी' तेवढं धरलं आणि गावभर सांगत सुटले, "हिरोच्याबी मंग माही एन्ट्री हाय गा." सिनेमावाले नावांमागे एक तुकडा गंमत म्हणून चिकटवतात, बघितला तर बघितला, हे त्यांच्या गावीही नव्हतं.

पिक्चर गोंदियाला लागला तेव्हा गाडी भरून माणसं गेली. नावं वर सरकायला लागली तसे दिवे लागले, दारं उघडली आणि डोअरकीपर ओरडला, "चलो, खाली करो, अगला शो है." आमची माणसं उठली. बाबा रांगेच्या तोंडाशी हात पसरून आडवे उभे. "बसा गा, आता तं माहा सीन हाय. उठता कायले?" तेवढ्यात मशीनच बंद झाली. मोठी आई म्हणाली, "भाऊजी, आता त्या पांढऱ्या पडद्यावर का तुमी चुन्याचा पोतारा करून रायले?" हसणाऱ्यांत बाबांचे भाऊही होते. परतीच्या गाडीत कोहमारा येईपर्यंत लोकांचे दात आत गेले नाहीत.

त्यानंतर बाबांचं नाव पडलं 'नावामागचा हिरो'. पानठेल्यावर खर्रा मागितला तर ठेलेवाला म्हणायचा, "नावं सरू दे, मंग देतो." मला असा राग यायचा की एकेकाच्या तोंडात शेण कोंबावं. बाबा मात्र चिडायचे नाहीत. "दिसल का नाही एक दिवस?" एवढंच म्हणायचे. ते खोटं बोलले नव्हते, आणि तेवढं एकदा गावाला दिसावं, बाकी काही नको, असं त्यांचं चाललं होतं.

पुढे तो पिक्चर मोबाइलवर आला. मी टीव्ही अंगणात मांडून त्याला तो जोडून दिला. बाबांनी स्वतः घरोघरी जाऊन लोक बोलावले, नाट्यमंडळाच्या मालकाला खुर्ची दिली. यालाच हात दाखवून अवलक्षण म्हणतात. नावं सुरू झाली तसा टीव्ही आपल्या मनानं दुसराच पिक्चर लावायला निघाला. मी रिमोट दाबून त्याला माघारी आणलं. या वेळी कोणी उठलं नाही.

नावं सरली. ढाबा दिसला, आणि ढाब्यात माझे बाबा, खांद्यावर टॉवेल, हुबेहूब. आईनं तोंडाला पदर लावला. मोठी आईसुद्धा म्हणाली, "हव वो, भाऊजीच होत."

मग पडद्यावरच्या बाबांनी तोंड उघडलं आणि भलत्याच माणसाचा आवाज आला. बारीक, नाकातला, गावठी बोलायची नक्कल करणारा. वाक्य तेच, तोंडही आमच्याच बाबांचं. हिरो हसला आणि सगळं काळं झालं.

मंडळाच्या मालकानं विचारलं, "तू तं हायेस गा. पन हा बोलून कोन रायला?"

बाबा उठले. टीव्हीसमोर उभे राहून त्यांनी ते वाक्य आपल्या आवाजात म्हणून दाखवलं, जसं त्या दिवशी ढाब्यावर म्हटलं होतं तसं. भिंतीवरची कोंबडी फडफडत खाली आली. मी मालकाकडे बघत होते. त्यानं मान हलवली आणि अगदी साध्या सुरात, सल्ला दिल्यासारखं म्हणाला, "नाही गा. त्याइचाच आवाज बरा वाटते."

दोघातिघांनी हुंकार भरला. त्यांच्यात चेष्टा करणारं कोणीच नव्हतं, खरंच वाटलं म्हणून म्हणाले. आई चहाचे कप गोळा करायला लागली.

बाबा खाली बसले. मला म्हणाले, "माघं घे व जरासाक." मी तो तुकडा पुन्हा लावला. त्यांनी मान खाली घालून, पडद्याकडे न बघता, नुसता ऐकला. मग म्हणाले, "हव. बराच हाय."