काकांची गाडी

रोह्यापासून पेणपर्यंत आमच्या शेजारच्या काकांइतकी चिकित्सा करून वस्तू घेणारा माणूस झाला नाही, आणि पुढे होईल असंही मला वाटत नाही. छत्री घ्यायची तर दुकानदाराला तिच्यावर कळशीभर पाणी ओतायला लावायचे आणि खाली कोरडे उभे राहून "अजून एक" म्हणायचे. नव्या चपला पायात घालून थेट रामवाडीच्या नाक्यापर्यंत चालून यायचे. तोवर दुकानदार धास्तावून दारात उभा. नारळवाला तर त्यांना लांबून पाहिलं की टोपलीवर फडकं टाकायचा. आम्हाला मात्र या माणसाचा केवढा अभिमान! आळीत कुणी मिक्सर आणला तरी पहिला प्रश्न यायचा, "काकांना दाखवलास का?"

नव्वदीनंतरची ती वर्षं. काकांचे नातलग एकेक करून इस्राएलला गेले होते, मुलगाही तिकडेच संसार थाटून बसला होता. आमच्या आळीत ज्यूंचं घर उरलं होतं ते हे एकच. मुलाचा फोन आमच्याकडे यायचा. "आता कायमचे या," तो म्हणायचा आणि काका म्हणायचे, "बघू." काकांचे जिवलग मित्र म्हणजे माझे बाबा. त्या 'बघू'नं ते अर्धे झाले होते, पण "जाऊ नकोस" म्हणायला त्यांची जीभ रेटत नव्हती. अशात एका शुक्रवारी काका मला म्हणाले, "परवा तुला शिफ्ट नाय ना? रोह्याला गाडी बघायला जाऊ. पेणच्या बघून झाल्या." मधला शनिवार त्यांचा शब्बाथ, त्या दिवशी ते काडी हलवत नसत. गाडी म्हणजे विमानतळावर सोडणारी गाडी, असं मी धरूनच चाललो. घरी सांगितलं तर बाबा न जेवताच उठले.

रोह्याला एसटीतून उतरून काका सरळ लोखंडी सामानाच्या दुकानात शिरले. "माती वाहायची हातगाडी दाखवा."

मी बघतच राहिलो. "माती कशाला, काका?"

"परसात आंब्याची कलमं लावायचीत. आपली जमीन खारी, गोडी माती आणायला नको?"

मग परीक्षा सुरू झाली. दोनचाकी गाडी बांधावरून जाणार नाही म्हणून बाद. एकचाकीच्या दांड्या काकूंच्या हाताला उंच पडतील म्हणून तीही बाद. तिसरी पसंतीला उतरली तेव्हा काका स्वतःच तिच्यात बसले. "ढकल. माती काय सांगणार, कुठं दचके बसतात ते?" भर बाजारातून मी त्यांना ढकलत नेलं. काका ताठ बसून ओळखीच्यांना हात करत होते आणि मला "डावीकडं घे, खड्डा हाय" म्हणून सांगत होते. परत आल्यावर दुकानदार हात जोडून म्हणाला, "घ्या आता. टायर पाच-सहा वर्षं हलायचा नाय."

काकांचा चेहरा उतरला. "म्हणजे कलमांना धड आंबे लागतील तेव्हाच हा बसणार? तेव्हा मी टोपल्या काय डोक्यावर वाहू? दुसरा दाखव."

काकांना तिथंच मिठी मारावीशी वाटली मला.

एसटीच्या टपावरून गाडी घरी आली. काकूंनी गोड पोहे, खोबरं, फळं मांडून त्यांच्यात शुभकार्याला करतात तो मलिदा केला, माझ्या आईनं चाकाला हार घालून नारळ फोडला. मातीची पहिली खेप बाबांनी ओतली, काकांना हातसुद्धा लावू दिला नाही. संध्याकाळी मुलाचा फोन आला. काका ताठ मानेनं म्हणाले, "आता नाय यायचो. गाडी घेतलीय."

तिकडून त्यानं विचारलं असावं, कुठली.

"एकचाकी," काका म्हणाले, आणि बाबा रडू येईपर्यंत हसले.

मग फोन काकूंनी घेतला. पलीकडे नात होती, काकूंनी अजून न पाहिलेली. "आंबे खायला ये गो बाय," त्या म्हणत राहिल्या, "ये गो." लाइन कधीच तुटली होती, तरी त्यांच्या हातातून रिसीव्हर घ्यायला आमच्यातलं कुणी पुढं झालं नाही.